उलटा बाण

चढावर मोटारसायकल ढकलणाऱ्याने रस्त्याकडे बघावं की समोरून येणाऱ्या माणसाकडे, याचा कुठे नियम लिहिलेला नाही. असता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

ती हँडल घट्ट धरून, मान खाली घालून, अख्खं अंग पुढे झोकून गाडी ढकलत होती. मागचं टायर पार बसलं होतं आणि रुसलेल्या पोरासारखं जागचं हलायला तयार नव्हतं. अवकाळी भुरभुर पाऊस नुकताच थांबला होता. झाडाखालून जाताना वारा पानांवरचं उरलंसुरलं पाणी नेमकं तिच्याच मानेवर सांडत होता. तेवढ्यात वरून एक माणूस उतरला. दोन्ही काखांत गुंडाळलेले नकाशे आणि सगळं लक्ष ते भिजू नयेत याकडे. तो एका बाजूला झाला, तीही नेमकी त्याच बाजूला वळली... नकाशे वाचले. नाकावरचा चष्मा मात्र उडाला, तो थेट गाडीच्या पुढच्या चाकाखाली — करकच्च!

"अहो, दिसत नाही का तुम्हाला?" ती उसळली.

"आत्तापर्यंत दिसत होतं," तो शांतपणे म्हणाला.

तिला हसू फुटलं. नको तेव्हा हसणं ही तिची जुनी खोड होती. गाडी स्टँडवर लावून तिने चष्मा उचलला, शाबूत राहिलेली एक काच उजेडाकडे धरली, जरा मागे-पुढे केली.

"उणे तीन," ती म्हणाली. "आणि फ्रेम तुम्हाला मुळातच मोठी होती. सारखी नाकावरून घसरत असणार."

"तुम्ही भविष्य सांगता का?"

"चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत बसून काचा घासते. उद्या संध्याकाळी या, नवा तयार ठेवते. चूक माझी होती."

"अर्धी माझी." तो खाली बसला आणि बसलेल्या टायरवरून त्याने हात फिरवला. "हे पंक्चरचं काम नाही हो. कडेला चिरा गेल्यात, आतले धागे हाताला लागतायत. टायरच बदलावं लागेल."

"चष्म्याशिवाय दिसलं तुम्हाला?"

"बोटांना दिसतं. आमच्या दादाकडे हीच गाडी होती, टायर घरीच बदलायचो आम्ही. असं करू — तुम्ही माझा चष्मा करा, मी तुमचं टायर बसवून देतो. फिट्टंफाट!"

"घर माहीत नाही तुम्हाला."

"भूगोल शिकवतो मी, त्या वरच्या शाळेत. घर सापडेल." एवढं म्हणून भूगोलाचे सर ऐटीत निघाले आणि दहा पावलांवर एका कुंपणाला धडकले. ती पुन्हा हसली. पुढे कितीतरी दिवस ती त्या कुंपणावरून जाताना हसायची. आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिथून जाताना तिला हसू यायचं बंद झालं, पण ते पुढे.

गाडी तिच्या मामाची. घरात तिचं नाव म्हातारी. मामाचे गुडघे थकले तेव्हा त्याने किल्ली भाचीच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "ही आणि मी एका वयाचे आहोत. दोघांनाही ओरडू नकोस, सुरू होतो आम्ही हळूहळू." आई मात्र म्हातारीवर खार खाऊन असे. मुलीच्या जातीला बसायला काय ती गाडी मिळावी, असं तिचं रोजचं पालुपद होतं.

चष्मा दुसऱ्या दिवशी तयार झाला. तिने काचा अशा बसवल्या की नाव ठेवायला जागा नव्हती. काचेच्या मध्यावर एक बारीकसा ठिपका द्यायचा आणि तो डोळ्याच्या बाहुलीसमोर अचूक आणायचा, हे तिचं काम. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. फक्त उजव्या काडीचा स्क्रू आवळताना तिचा हात थांबला. अर्धा फेरा बाकी होता. तिने तो तसाच सोडला.

का सोडला? आता सगळंच काय सांगायचं.

चार दिवसांनी सर दुकानात हजर. "काडी जरा... सैल वाटतेय."

"अरेरे! बसा ना." तिने स्क्रू काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा अर्धा फेरा बाकी ठेवला. सर पुन्हा आले. मग पुन्हा. दर वेळी चष्मा नाकावर चढवून तो विचारायचा, "नीट बसला का?" आणि ते पाहायला तिला त्याच्या चेहऱ्याकडे चांगलं निरखून बघावं लागायचं. नाइलाज होता!

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, एकदा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तुझ्या हातचा चष्मा कधी परत येत नाही गं. या एकाच माणसाचं नाक वेगळं आहे की काय?"

तिने मान खाली घातली. सरही भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचू लागले.

एका रविवारी सकाळी तो टायर बदलायला आला. सोबत दोन लोखंडी पट्ट्या, पाने आणि टाल्कम पावडरचा डबा.

"पावडर कोणासाठी?" तिने विचारलं.

"ट्यूबसाठी. टायरमध्ये चिकटू नये म्हणून. तुम्हाला हवी असेल तर उरेल थोडी."

मामाने अंगणात खुर्ची टाकली. देखरेखीला. म्हातारी मधल्या स्टँडवर चढली, मागचं चाक अधांतरी झालं. त्याने चेन सोडवली, ब्रेकचा दांडा सोडवला, मोठं नट काढून चाकाचा आस हलकेच ठोकत बाहेर ओढला. जी जी वस्तू निघेल ती जुन्या पेपरावर ओळीने मांडत गेला.

"ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट्या क्रमाने लावायचं," तो म्हणाला. "बाकी यात शास्त्र काही नाही."

"तुम्ही सगळंच असं क्रमवार करता?"

"सगळं नाही..." त्याने हातातलं नट उगीचच पुसलं. "काही गोष्टी तर माझ्याच्याने सुरूच होत नाहीत."

मामा खोकला. मामाला तसा खोकला नव्हता.

जुनं टायर रिमला इतकी वर्षं धरून होतं की सोडेना. "याच्यावर उभ्या राहा," तो म्हणाला. ती राहिली. एक पाय टायरवर, दुसराही टायरवर, आणि तोल सावरायला हात... दुसरीकडे कुठे ठेवणार? त्याच्या खांद्यावर. "आता जरा उडी मारा." तिने उडी मारली. कड एकदम फट् करून सुटली, ती कलंडली, आणि त्याने तिचं मनगट धरलं. त्याचा हात साबणाच्या पाण्याने निसरडा झाला होता, तरी निसटला नाही. टायर केव्हाच मोकळं झालं होतं. मनगट जरा उशिराने झालं.

मग नवं टायर. ते हातात घेऊन त्याने एकदा फिरवून पाहिलं. थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग ते रिमवर चढवायला घेतलं. हवा जेमतेम भरलेली ट्यूब पावडर लावून आत सरकवली.

"इकडून गुडघ्याने दाबून धरा. नाहीतर मी इथे चढवतो आणि तिथे निसटतं."

एका बाजूला तिचे गुडघे, समोर त्याचे. मध्ये चाक. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ. पट्टीने कड उचलताना त्याचे कान लाल झाले होते आणि ते काही नुसत्या श्रमाने नव्हतं. तिने लाजून नजर खाली वळवली, आणि तेव्हा तिला तो दिसला.

बाण. टायरच्या अंगावर असतो तो, चाक कुठल्या दिशेने फिरणार ते सांगणारा. छोटासा, रबरातच उठवलेला. तो उलटा होता.

"अं..." तिच्या तोंडून निघालं.

"काय?" त्याने झटकन वर पाहिलं. हातातली पट्टी तशीच धरून तो थांबला. जणू ती काही म्हणेल म्हणून सकाळपासून थांबला होता.

"काही नाही. साबण लागलाय तुमच्या गालाला."

त्याने गाल पुसला. आणखी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून उरलेली कड आत ढकलली.

तिच्या मनात तर लाडू फुटत होते. नटसुद्धा ओळीने मांडणारा हा माणूस, दिशा शिकवणारा मास्तर, आणि बाणाची दिशा चुकला! का चुकला? समोर कोण बसलं होतं? बरं, ही चूक दुरुस्त करायची तर पुन्हा चाक काढा, टायर उतरवा, उलटं करून बसवा... म्हणजे अजून एक अख्खा रविवार. आत्ताच बोललं तर तो रविवार आत्ताच संपून जाईल. हातचं राखून ठेवावं थोडं, तिला वाटलं.

तो चहा पिऊन गेला, आईनेही त्याला दुसरा कप विचारला. मग मामा काठी टेकत चाकाजवळ गेला.

"बाण उलटा बसलाय गं."

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलेन ना. घाई काय आहे? गाडी काही पडत नाही त्याने. ओल्या रस्त्यावर पकड जरा कमी, एवढंच."

मामा मिशीत हसला. "अस्सं! ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय आहे तुझं, लपव. पण भांडं लपवता लपवता ताक संपलं, असं करू नकोस म्हणजे झालं."

पहिल्या आठवड्यात बोलावणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या. मग दुकानात कामाचा ढीग पडला. मग आईला ताप. रोज सकाळी गाडी काढताना ती बाणाकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं, ठेवणीतली साडी कपाटात आहे हे आठवून वाटतं तसं. आहे, कुठे जात नाही. नेसू कधीतरी.

पावसाचे दिवस आले तशी तिने म्हातारीला घरी ठेवलं आणि छत्री घेऊन पायी जाऊ लागली. एका सकाळी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता.

"गाडी कुठेय?" त्याने विचारलं.

"पावसात नाही काढत."

"का?" त्याचा आवाज जरा वेगळाच लागला.

आता म्हणावं का? तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मागून मुलांचा घोळका आला, कोणीतरी 'गुड मॉर्निंग सर' म्हणून ओरडलं. चिखलात उभं राहून कुठे सांगायचं, असं तिला वाटलं.

"उगीच... घसरायला होतं."

"बरं करता," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

त्यानंतर तो चष्मा आवळायला आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. दुकानाचं दार वाजलं की ती मागच्या खोलीतून डोकावायची. काका म्हणायचे, "पोस्टमन आहे." तिने आपल्या मनाची समजूत घातली की स्क्रू बसला असेल आपोआप. स्क्रू आपोआप बसत नाही, हे तिच्याइतकं दुसरं कोणाला माहीत असणार?

आणि मग तो आला, निरोप घ्यायला. दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत नोकरी मिळाली होती. तो काउंटरपाशी उभा राहिला, काचेखालच्या फ्रेमी बघत.

"छान झालं," ती म्हणाली.

"हो. छानच." जरा थांबून त्याने विचारलं, "गाडी... गाडी कशी चालतेय? काही त्रास नाही ना? असेल तर सांगा. उद्याचा दिवस मी इथेच आहे."

हा शेवटचा क्षण होता, आणि तो तिच्यापुढे ताटात वाढून ठेवला होता. पण तिला वाटलं, जाणाऱ्या माणसाला आता त्याची चूक कुठे दाखवायची? मन लावून केलं होतं बिचाऱ्याने. मनाला लागेल त्याच्या.

"मस्त चालतेय," ती हसून म्हणाली. "काही म्हणजे काही त्रास नाही."

तो गेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म म्हणजे नुसता चांगुलपणा होता.

टायर मात्र तिने बदललं नाही. झिजेपर्यंत तसंच वापरलं, उलट्या बाणासकट. पावसाळ्यात पायी आणि उघडीप पडली की म्हातारीवरून, असं करत करत वर्षं गेली. टायरवरची नक्षी पुसत आली, बाण तेवढा कडेला असल्यामुळे राहिला. मध्ये दोन-तीन ठिकाणांहून मागण्या आल्या, तिने नाही म्हटलं. आईने विचारलं की कारण सांगता येत नसे. टायरचा बाण उलटा आहे, हे काय कारण झालं?

शेवटी एका रविवारी तिने नवं टायर आणलं आणि अंगणात स्वतःच कामाला बसली. क्रम पाठ होता. जुन्या पेपरावर नट, आस, ब्रेकचा दांडा ओळीने मांडला. जुनं टायर उतरवून भिंतीला टेकवलं. नवं अर्धं चढवलं, आणि तिथे अडलं, कारण इकडे चढवावं तर तिकडे निसटत होतं. दुसरे गुडघे हवे होते.

"दाबून धरू का?" फाटकातून आवाज आला.

तिने वर पाहिलं. सर. कानांवरचे केस जरासे पांढरे आणि नाकावर तोच, तिने केलेला चष्मा.

"तुम्ही? इकडे कुठे?"

"शाळेत जुन्या सहकाऱ्यांना बोलवायला आलो होतो. म्हणजे... लग्न आहे माझं. पुढच्या महिन्यात." तो थांबला. "तुम्हा सगळ्यांनाही सांगायला आलो."

"अरे वा," ती म्हणाली. हातातली पट्टी तिने पेपरावर ठेवली, मग पुन्हा उचलली. "अभिनंदन! मुलगी काय करते?"

"तिकडच्याच शाळेत आहे. चांगली आहे." तो हे मनापासून म्हणाला, आणि ते तिला जास्त लागलं.

बोलता बोलता त्याची नजर भिंतीकडे गेली. जुन्या टायरपाशी जाऊन तो खाली वाकला. बोटाने त्याने तो बाण चाचपला.

"हे तेच ना? पार झिजेपर्यंत... उलटंच चालवलंत?"

तिच्या हातातली पट्टी घरंगळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच बसवला होता तसा. मुद्दाम."

तिने घरंगळलेली पट्टी उचलली.

"मुद्दाम?"

"तोंडाने विचारायचं धाडस नव्हतं माझ्यात. म्हटलं, केसाएवढं चुकलेलं कळतं यांना, हे कळणारच. दोन दिवसांत बोलावतील, म्हणतील, सर, दिशा चुकली तुमची. बोलावलं, तर समजायचं हो. नाही बोलावलं तर... निदान तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला लागू नये." त्याने बाणावरचं बोट काढलं. "मग पावसात तुम्हाला छत्री घेऊन चालत जाताना पाहिलं. म्हणजे बाण दिसला होता. दिसूनही बोलावलं नव्हतं."

"अहो, पण तोंड कशाला दिलंय माणसाला?" ती एकदम भडकली, आणि डोळे भरून आले. "मला वाटलं चुकलात तुम्ही! तो रविवार मी ठेवून दिला होता. खर्च नको व्हायला म्हणून..."

"चुकलो?" तो कसंनुसं हसला. "तुम्ही चष्म्याचा स्क्रू सैल ठेवायचात, तेव्हा तुम्ही चुकत होतात का?"

"ते... कळलं होतं?"

"दुसऱ्याच खेपेला. म्हणून तर धीर आला. यांचीच युक्ती यांना कळणार नाही, असं कसं होईल, असं वाटलं मला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपलीच युक्ती समोरच्याने आपल्यावर केली, आणि सगळ्या गावाचे चष्मे करणारीला ती दिसली नाही. ती हसायला लागली. नको तेव्हाच हसायची तिला खोड होती. हसता हसता तिने साबणाच्या हातांनी चेहरा झाकला, आणि समोर येऊन गुडघे टेकून त्याने टायरची निसटणारी बाजू दाबून धरली.

"घ्या," तो हळूच म्हणाला. "चढवा आता."

तिने पट्टी लावली. कड इंचाइंचाने आत गेली. पूर्वीसारखीच दोन डोकी जवळ आली होती, पण या वेळी कोणाचे कान लाल झाले नाहीत. शेवटचा भाग आत बसला तेव्हा त्याने वाकून पाहिलं, आणि चष्मा घसरून त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आला.

"अजून सैलच आहे?" तिने विचारलं.

"तिकडचा चष्मेवाला म्हणाला, आवळून देतो. मी म्हटलं, राहू द्या. हात लावू नका."

तिने हात पुसले. चष्मा त्याच्या नाकावरून काढून घेतला. बारीक पेचकस तिच्या खिशात कायम असे. उजव्या काडीचा तो स्क्रू, एवढ्या वर्षांचा ओळखीचा. तिने पेचकस लावला आणि दर वेळी राखून ठेवलेला तो अर्धा फेरा आज पूर्ण फिरवला. मग आणखी थोडा, पेचकस पुढे सरकेनासा होईपर्यंत.

"आता नाही व्हायचा सैल," ती म्हणाली. "लग्नात मान खाली घालाल ना, तेव्हा पडायला नको."

त्याने चष्मा घातला. तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"जा आता," ती म्हणाली. "आईला मी सांगते. येऊ आम्ही सगळे."

फाटकापाशी वळून त्याने मान वाकवली. चष्मा जागचा हलला नाही.

मामा दारात येऊन उभा होता. केव्हापासून कोण जाणे. त्याला आता लांबचं नीट दिसत नसे, तिनेच केलेल्या जाड काचांतूनही नाही.

"बाण बरोबर बसलाय का गं या वेळी?" त्याने विचारलं.

"हो मामा," ती चाकावर डोकं टेकून म्हणाली. "या वेळी बरोबर बसलाय."

मग रडतेस कशाला, असं मामाने विचारलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी तो सावकाश दोन पायऱ्या उतरला, काठी भिंतीला टेकवली आणि चाक उचलायला तिला हात लावला.